कुलपाची किल्ली कोणाच्या हातीं असावी?

राज्यकर्त्यास प्रजेच्या घरांत किती डोकावूं द्यावें, हा प्रश्न जितका जुना तितकाच नवा आहे. पूर्वीं तो संदूक, दप्तर आणि खासगी पत्रें ह्यांविषयीं निघे. आतां तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलविषयीं निघतो. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या पोलिसांस कुलूप घातलेला मोबाईल उघडून पाहतां यावा कीं नाहीं, पाहावयाचा तर कोणाच्या हुकुमानें, आणि त्याचा गुप्त अंक सांगण्यास धन्यास भाग पाडतां येईल काय, ह्या गोष्टींचा खल आपल्या देशांतील न्यायालयांत गेलीं कांहीं वर्षें चालला आहे. हा विषय वकिलांचा व फौजदारांचा, आपला नव्हे, असें आमच्या वाचकांपैकीं कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु आज मंडईंत भाजी विकणाऱ्या बाईपासून पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांपाशीं हें यंत्र आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांसाठीं हा अंक निघतो, त्यांचा बहुतेक पत्रव्यवहार, हिशेब, स्नेह आणि रुसवे-फुगवे ह्याच यंत्रांत सांठावयाचे आहेत. ह्यास्तव ह्या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं एकत्र बसून करावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्या वाईपासून कोसभर अंतरावर, कृष्णेच्या कांठीं, मेणवली येथें नाना फडणिसांचा वाडा आहे. तो आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. नानांची बातमीदारी प्रसिद्धच आहे. परदरबारांतील हालचाल त्यांस घरबसल्या कळे, असा त्यांचा लौकिक होता. परंतु ह्याच नानांनीं स्वतःचे कागद मात्र जपून ठेविले. ते १८०० सालीं वारले. त्यांचें मेणवली येथील दप्तर पुढें कित्येक वर्षांनीं रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांच्या उद्योगामुळें अभ्यासकांच्या दृष्टीस पडलें. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक ही कीं, बातमीवांचून राज्य चालत नाहीं. दुसरी ही कीं, ज्यास बातमीचें मोल कळतें तो आपला कागद उघड्यावर टाकीत नाहीं. ह्या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांपैकीं एकच खरी धरून चालणारा मनुष्य, मग तो सरकारपक्षाचा असो वा सरकारच्या विरुद्ध पक्षाचा, ह्या प्रश्नाचा अर्धाच भाग पाहतो.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें पाहूं. संदुकींत धन्यानें स्वतः ठेविलेलेच कागद असतात. मोबाईल मात्र धन्यानें न सांगतां पुष्कळ गोष्टींची टिपणें ठेवितो. तो कोठें गेला, किती वाजतां निजला, कोणास किती वेळ बोलला, कोणता आजार शोधून पाहिला, कोणास पैसे दिले, हें सर्व त्यांत असतें. शिवाय त्यांत एकट्या धन्याचेंच कांहीं असतें असें नाहीं. त्याच्या बहिणीचीं पत्रें, मित्रांचीं छायाचित्रें, शेजाऱ्यानें विश्वासानें सांगितलेली अडचण, वकिलानें दिलेला सल्ला, हेंही त्यांत असतें. घराची झडती घेणारा अधिकारी चार भिंतींच्या आंत राहतो. मोबाईलची झडती घेणारा अधिकारी एका मनुष्याच्या निमित्तानें शंभर घरांत शिरतो. म्हणून घराच्या झडतीस जो नियम पुरतो तो येथें पुरत नाहीं.

आतां कुलपाचा प्रकार पाहूं. त्यांत आमच्या विद्यार्थ्यांस एक सोपें गणित सांपडेल. मोबाईलमधील मजकूर सांकेतिक रूपांत ठेविलेला असतो आणि तो वाचण्याची किल्ली धन्याच्या गुप्त अंकापासून व यंत्रांत कोरलेल्या एका संख्येपासून मिळून तयार होते. चार आंकड्यांचे अंक एकंदर १०,००० होतात व सहा आंकड्यांचे १० लक्ष. आयफोन बनविणाऱ्या ॲपल कंपनीनें प्रसिद्ध केल्याप्रमाणें एका अंकाची पारख करण्यास यंत्रास सुमारें ८० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे एखाद्या यंत्रानें सर्व अंक ओळीनें घालून पाहिले, तर चार आंकड्यांचें कुलूप फार तर ८०० सेकंदांत, म्हणजे सव्वातेरा-साडेतेरा मिनिटांत उघडेल, आणि सहा आंकड्यांचें सुमारें २२ तासांत. मग हें कुलूप बळकट कशानें? तर चुकलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर अधिकाधिक वेळ थांबवून धरणारा, आणि धन्यानें तशी योजना केली असल्यास दहाव्या चुकीनंतर सर्व मजकूर नाहींसा करणारा पहारेकरी आंत बसविलेला आहे म्हणून. अंकापेक्षां पहारेकऱ्याचें महत्त्व अधिक. पोलिसांस हवें असतें तें हें कीं, ह्या पहारेकऱ्यास कोणी तरी बाजूस काढावें.

ह्या मागणीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. २ डिसेंबर २०१५ रोजीं कॅलिफोर्निया प्रांतांतील सॅन बर्नार्डिनो येथें एका जोडप्यानें गोळीबार करून १४ माणसें ठार केलीं. पुढें तें जोडपेंही पोलिसांच्या गोळ्यांनीं मेलें. त्यांतील पुरुषाचा कुलूपबंद आयफोन तपासी खात्याच्या हातीं लागला. १६ फेब्रुवारी २०१६ रोजीं तेथील न्यायालयानें ॲपल कंपनीस हुकूम केला कीं, पहारेकऱ्यास निष्क्रिय करणारी नवी कार्यप्रणाली तयार करून द्यावी. ह्या हुकुमास आधार घेतला होता तो १७८९ सालच्या एका कायद्याचा. कंपनीनें साफ नाकारलें. तिचें म्हणणें असें कीं, एका मोबाईलसाठीं केलेली किल्ली त्या एकाच मोबाईलपुरती कधींच राहणार नाहीं. निकाल होण्यापूर्वींच, २८ मार्च रोजीं, सरकारनें आपला अर्ज मागें घेतला. कारण दुसऱ्या कोणाच्या साह्यानें तो मोबाईल उघडला गेला होता. प्रश्न मात्र तसाच राहिला.

पोलिसांची बाजू दुबळी आहे असें कोणी समजूं नये. इतकें लांब जाण्याचीही गरज नाहीं. २०१६ च्या जून महिन्यांत आपल्याच वाई तालुक्यांतील, अंगणवाडी सेविकांच्या संघटनेंत पुढारपण करणाऱ्या एक बाई घरून निघाल्या त्या परत आल्या नाहींत. पुढें ऑगस्टांत एका इसमास अटक झाली, धोमच्या बाजूस जमीन उकरून प्रेतें बाहेर काढावीं लागलीं, आणि सहा माणसांच्या हत्येचा आरोप उभा राहिला. त्यांतील कित्येक माणसें वर्षानुवर्षें केवळ ‘बेपत्ता’ म्हणून नोंदलेलीं होतीं. मोबाईलच्या नोंदींचा धागा त्या तपासांत पोलिसांच्या उपयोगीं पडल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें. ज्या घरची आई किंवा लेक नाहींशी झाली आहे, त्या घरच्या माणसांपुढें उभें राहून ‘खासगीपणा’ हा शब्द उच्चारणें सोपें नाहीं. लहान मुलांस फसविणारे, पैशांसाठीं माणसें पळविणारे, म्हाताऱ्यांच्या आयुष्याची पुंजी लुबाडणारे हेही आज ह्याच कुलपांच्या आड लपतात. जो कोणी ‘पोलिसांस कांहींच दिसूं नये’ असें म्हणतो, त्यानें ह्या घरांची आठवण ठेवून बोलावें.

तथापि ह्याच उदाहरणांत एक बारकावा आहे. कोणत्या मोबाईलवरून कोठें, केव्हां व किती वेळ बोलणें झालें आणि तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूंत होता, ह्या नोंदी मोबाईलच्या कुलपाआड नसतात. त्या दूरध्वनि कंपनीच्या दप्तरीं असतात आणि कायद्याच्या मार्गानें पोलिसांस मिळतात. बॅंकेचे हिशेब, रस्त्यावरील कॅमेरे, साक्षीदार, हीं साधनेंही आहेतच. म्हणजे कुलूप उघडलें नाहीं तर तपास आंधळा होतो, हें म्हणणें पुष्कळदां अतिशयोक्तीचें असतें. आजच्या तपासी अधिकाऱ्यापाशीं जितके धागे आहेत तितके त्याच्या आजोबांच्या काळच्या फौजदारापाशीं कधींही नव्हते.

कित्येक म्हणतात कीं, कंपन्यांनीं सरकारसाठीं एक राखीव किल्ली करून ठेवावी. ती फक्त चांगल्या कामास वापरली जाईल. आम्हांस ही सूचना मान्य नाहीं, आणि त्याचें कारण सरकारविषयींचा अविश्वास हें नव्हे. कारण हें कीं, किल्ली चोरीस जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा खात्यानें संगणकांतील एका दोषाचा उपयोग करून आंत शिरण्याचें एक गुप्त साधन तयार केलें होतें. तें चोरीस गेलें व २०१७ च्या एप्रिलांत उघड झालें. पुढच्याच महिन्यांत, १२ मे रोजीं, त्याच साधनावर उभारलेल्या ‘वॉनाक्राय’ नामक उपद्रवानें इंग्लंडांतील रुग्णालयांचें काम ठप्प केलें. जून महिन्यांत त्याच साधनाचा आधार घेतलेल्या ‘नॉटपेट्या’ ह्या दुसऱ्या उपद्रवाचा फटका मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्यास बसला व तेथें माल अडकून पडला. ज्यांनीं तें साधन केलें त्यांचा हेतु देशरक्षणाचा होता. हाल झाले ते लंडनच्या रोग्यांचे आणि उरणच्या बाजूस खोळंबलेल्या ट्रकवाल्यांचे. जी किल्ली सर्व कुलपें उघडते, ती एका माणसाच्या हलगर्जीनें सर्व घरें उघडीं करते. म्हणून एखादें विशिष्ट कुलूप विशिष्ट हुकुमानें उघडणें निराळें, आणि सर्व कुलपें मुद्दाम कच्चीं बनविणें निराळें. पहिल्यास आमची संमति आहे, दुसऱ्यास नाहीं.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. भारतीय राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो कीं, आरोपी मनुष्यास स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडतां येणार नाहीं. ह्या वाक्याचा अर्थ लावणारा मोठा निकाल आपल्याच मुंबई राज्यांतून वर गेलेल्या खटल्यांत झाला. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ ह्या प्रकरणांत १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणें म्हणजे साक्ष देणें नव्हे. कारण ठसा मनुष्याच्या शरीराचा आहे, त्यांत त्याच्या मनांतील ज्ञान कांहीं उघड होत नाहीं. पुढें २०१० सालीं ‘सेल्वी’ खटल्यांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, औषध टोंचून किंवा यंत्र लावून मनुष्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या मनांतील गोष्ट काढून घेणें घटनेस धरून नाहीं. म्हणजे शरीर आणि मन ह्यांमध्यें कायद्यानें एक रेघ ओढली.

मोबाईलनें ही रेघ पुसट केली आहे. एकच मोबाईल बोटाच्या ठशानें उघडतो आणि गुप्त अंकानेंही उघडतो. बोट शरीराचें, अंक मनांतला. बोट लावण्याची सक्ति चालेल आणि अंक सांगण्याची चालणार नाहीं, असें म्हटलें तर कुलूप तेंच, मजकूर तोच, आणि हक्क मात्र धन्यानें कोणत्या सोईनें कुलूप लाविलें ह्यावर अवलंबून राहणार! न्यायालयांतही ह्याविषयीं एकमत झालेलें नाहीं. २०२१ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें म्हटलें कीं, मोबाईलचा अंक हा ठशासारखाच आहे. तो देण्याचा हुकूम न्यायालय करूं शकतें, मात्र झडतीच्या नियमांचें पालन व्हावें. उलट दिल्ली येथील एका विशेष न्यायालयानें २०२२ सालीं व दिल्ली उच्च न्यायालयानें २०२३ सालीं असें मत दिलें कीं, आरोपीस आपला गुप्त अंक सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. आमच्या अल्प मतीप्रमाणें दुसरें मत घटनेच्या हेतूस अधिक जवळचें आहे. आरोपीच्या तोंडून शब्द वदवून घेण्याची मुभा एकदां दिली, म्हणजे तो शब्द वदविण्याचीं साधनें कोणतीं असावीं ह्याचाही विचार कोठडीच्या बंद दारामागेंच होऊं लागतो. घटनाकारांनीं तें दार ओळखूनच हा खंड लिहिला.

कोणी असें म्हणेल कीं, राज्यघटनेंत ‘खासगीपणा’ हा शब्दच नाहीं. शब्द नाहीं हें खरें, अर्थ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावर, नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा प्राण व स्वातंत्र्य ह्यांच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. त्यांतील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड ह्यांनीं लिहिलें. आणीबाणीच्या काळीं, १९७६ सालीं, नागरिकास अटकेविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं असें ठरविणाऱ्या बहुमतांत त्यांचे वडील न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड हेही होते. तो निकाल चुकीचा होता असें ह्या निकालपत्रांत पुत्रानें स्पष्ट लिहिलें. पित्याविषयींचा आदर आणि सत्याविषयींची निष्ठा हीं एका ठिकाणीं कशीं नांदतात, ह्याचा हा मासला आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मात्र हा हक्क निरपवाद नाहीं, हेंही त्याच निकालांत आहे. सरकारास तो मर्यादित करतां येतो. पण त्यास कायद्याचा आधार पाहिजे, हेतु योग्य पाहिजे, आणि हेतूच्या मानानें उपाय जास्त कडक नसावा.

ही कसोटी केवळ पुस्तकांत राहिली नाहीं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यावर बॅंकेच्या अधिकाऱ्यास लांच दिल्याचा आरोप होता, आणि त्याचा दूरध्वनि ऐकण्याचे तीन हुकूम केंद्रीय गृहखात्यानें २००९ व २०१० सालीं काढले होते. २०१९ च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें ते तिन्ही हुकूम रद्द केले; कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ह्यांपैकीं कोणतेंही कारण त्यांमागें नव्हतें. मिळविलेलीं ध्वनिमुद्रणें नष्ट करावीं, असेंही न्यायालयानें सांगितलें. लांच देणें हा लहान गुन्हा नव्हे. तरीही न्यायालयानें जाणलें कीं, चोर पकडण्यासाठीं कायद्यानेंच भिंत फोडून आंत यावें असें ठरलें, तर पुढें भिंतीचा उपयोग सज्जनासही उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. संदुकीचें कुलूप फोडलें तर तें फोडलेलें दिसतें. मोबाईल किंवा संगणक उघडून त्यांतील मजकुराची नक्कल काढली, अथवा ईश्वर न करो, त्यांत कांहीं नवें घातलें, तर डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. मराठेशाहींतील पत्राच्या शेवटीं ‘मोर्तब सूद’ असें लिहून मोर्तबाची मोहर उठवीत, ती शोभेसाठीं नव्हे; मजकूर येथें संपला, ह्यापुढें कोणी ओळ घुसडूं नये म्हणून. संगणकाच्या मजकुरासही असें मोर्तब आहे. सर्व मजकुरावर एक गणितक्रिया करून एक लांबलचक संख्या काढतात. तिला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरांतील एक अक्षर जरी बदललें तरी ती संख्या पार निराळी येते. जप्तीच्याच वेळीं ही संख्या काढून पंचनाम्यांत लिहिली आणि तिची प्रत धन्यास दिली, तर पुढें दोन्ही पक्षांचीं तोंडें बंद होतात: पोलिसांनीं कांहीं घातलें असें आरोपीस खोटेंच म्हणतां येत नाहीं, आणि घातलें असेल तर तें लपत नाहीं.

हें न झाल्यास काय होतें, त्याचें उदाहरण पुण्याचेंच आहे. एल्गार परिषद व भीमा कोरेगांव प्रकरणांत २०१८ सालीं पुणें पोलिसांनीं अनेकांचे संगणक व मोबाईल जप्त केले. २०२० च्या जानेवारींत तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०२१ सालीं अमेरिकेंतील आर्सेनल कन्सल्टिंग नामक संस्थेनें, आरोपींच्या वकिलांच्या विनंतीवरून तपासणी करून, असा अहवाल दिला कीं, एका आरोपीच्या संगणकांत दुरून कोणी तरी उपद्रवी साधन शिरवून आक्षेपार्ह कागद ठेविले होते. तपास यंत्रणेनें हें म्हणणें मानिलें नाहीं. ह्यांत कोण खरा, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. तें आपलें नव्हे, आणि शाळेच्या अंकाचें तर नव्हेच. परंतु माणसें वर्षानुवर्षें तुरुंगांत आणि वाद मात्र ‘कागद आला कोठून’ ह्या एकाच गोष्टीवर, ही स्थिति पोलिसांसही भूषणावह नाहीं आणि आरोपींसही न्यायाची नाहीं.

१ जुलै २०२४ पासून देशांत फौजदारी कामाचे नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमान्वयें न्यायालय किंवा पोलिस ठाण्याचा अंमलदार अधिकारी मोबाईलसारखीं साधनें हजर करण्याचा लेखी हुकूम देऊं शकतो. १०५ व्या कलमानें झडती व जप्ती ह्यांचें चित्रमुद्रण करून तें विनाविलंब मॅजिस्ट्रेटाकडे पाठविणें आवश्यक केलें आहे. साक्ष अधिनियमांत संगणकीय पुराव्याच्या दाखल्याबरोबर हॅशचा उल्लेख आला आहे. हें पाऊल योग्य दिशेनें आहे. पण आमच्या मतें तें अपुरें आहे. मोबाईल मागविण्याचा अधिकार ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या सहीवर सोडला आहे. तो मॅजिस्ट्रेटाच्या हातीं असावयास पाहिजे होता. आंतील कोणता मजकूर पाहावयाचा, कोणत्या तारखांचा, आणि बाकीच्याचें काय करावयाचें, ह्याविषयीं कायदा मुका आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत, पत्रकारांच्या संस्थेच्या अर्जावर बोलतांना, सर्वोच्च न्यायालयानेंही अशा जप्तीस नियम पाहिजेत असें सरकारास बजाविलें होतें.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. गंभीर गुन्ह्याच्या तपासांत कुलूपबंद मोबाईल पाहण्याचा अधिकार राज्यास असावा. परंतु तो मॅजिस्ट्रेटाच्या लेखी हुकुमानें, आणि त्या हुकुमांत काय शोधावयाचें तें स्पष्ट लिहिलेलें असावें. जीव धोक्यांत असतां थांबण्यास वेळ नसेल, तर आधीं उघडावें, पण चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें कारण मांडावें. सरकारी प्रयोगशाळेनें आपल्या कौशल्यानें कुलूप उघडावें. धन्याच्या मुखांतून अंक काढूं नये. मोर्तबाची संख्या जागच्या जागीं धन्यास द्यावी. खटल्याशीं संबंध नसलेला मजकूर कोणी वाचूं नये, आणि यंत्र ठरावीक मुदतींत परत करावें. कारण गरिबाचा मोबाईल म्हणजे त्याचें दुकान, बॅंक आणि मुलांची शाळाही असते. कंपन्यांस कुलपें कच्चीं करण्यास मात्र सांगूं नये.

‘ज्यानें कांहीं वाईट केलें नाहीं त्यास लपविण्याचें कारण काय?’ हा प्रश्न आम्हांस पुष्कळ सज्जन पालकांनीं विचारिला आहे. त्यावर आम्ही एवढेंच म्हणतों कीं, घरास दार असतें तें घरांत चोरी चालते म्हणून नव्हे. मुलीनें आपली दैनंदिनी पेटींत ठेवावी, रोग्यानें आपला रोग वैद्यासच सांगावा, कर्जबाजाऱ्यानें आपली लाज चारचौघांपासून झांकावी, ह्यांत पाप कोठें आहे? लपविणें आणि राखणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरांत हैदराबादेंत पोलिसांनीं रस्त्यानें जाणाऱ्या लोकांस थांबवून, गांजाच्या संशयानें, त्यांच्या मोबाईलमधील संभाषणें वाचल्याचीं चित्रें सर्वत्र पसरलीं. त्या लोकांनीं काय केलें होतें? कांहीं नाहीं, ते रस्त्यानें चालले होते.

परंतु हा नियम फक्त सरकारास सांगून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. घरांतही राज्यकर्ते असतात, आणि शाळेंतही. वर्गांत मोबाईल आणला तर शिक्षकानें तो काढून घ्यावा, कपाटांत ठेवावा, पालकांच्या स्वाधीन करावा; पण उघडून वाचूं नये. आईबापांस आपल्या मुलांविषयीं काळजी वाटते, तिचा आम्ही आदर करतों. लहान मुलाच्या हातीं मोबाईल कुलूप लावून देऊंच नये, असेंही आमचें मत आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या लेकीचा मोबाईल ती निजली असतां तिचें बोट लावून उघडणें हें संगोपन नव्हे. शंका असेल तर तिला जागेपणीं विचारावें, तिच्या समोर पाहावें. जें मूल घरीं चोरून वाचलें जातें तें आणखी खोल लपावयास शिकतें. आणि खरें संकट आलें म्हणजे, कोणी धमकावूं लागलें म्हणजे, तें आपल्या माणसांकडे येत नाहीं. मुलांनींही हें ध्यानांत धरावें कीं, विश्वास मागणारानें विश्वासास पात्र राहिलें पाहिजे. दुसऱ्याचें छायाचित्र त्याच्या संमतीवांचून पुढें धाडणारास स्वतःच्या खासगीपणाचा डांगोरा पिटण्याचा अधिकार नाहीं.

ह्या विषयाचें ज्ञान किती उपयोगाचें आहे, त्याचा एक रोकडा दाखला देतों. अलीकडे पोलिसांचा गणवेश घालून चित्रफोनवर दिसणारे भामटे ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असें सांगून शिकल्यासवरल्या माणसांस लुटतात. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. कोणताही पोलिस अधिकारी फोनवरून गुप्त अंक किंवा पैसे मागत नाहीं. असा प्रसंग आल्यास फोन बंद करावा, घरच्यांस सांगावें, आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें. पोलिसांनीं कोणत्या रीतीनें यावें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास खोटा पोलिस ओळखतां येतो. खऱ्या पोलिसांनीं रीत सोडली, तर मात्र खरा आणि खोटा ह्यांतला भेद सामान्य माणसास कसा कळावा? नियमानें वागणें हें म्हणून पोलिसांच्याच हिताचें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां फौजदार होईल, कोणी मॅजिस्ट्रेट, कोणी ह्या यंत्रांची कुलपें बनविणारा अभियंता. त्या दिवशीं टेबलावर एक बंद मोबाईल असेल; एका बाजूस ज्याचें माणूस नाहींसें झालें आहे तो बाप उभा असेल, आणि दुसऱ्या बाजूस ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाहीं असा मनुष्य. दोघांचेंही ऐकून घ्यावें, हुकूम लेखी मागावा, जेवढें शोधण्यास सांगितलें आहे तेवढेंच पाहावें, आणि उरलेलें न वाचतां मिटून ठेवावें. अधिकार हातीं असतां न वाचणें हें कठीण आहे. त्याची संवय आजपासून, शेजारच्या बाकावरील मित्राच्या मोबाईलपासून, लावून घ्यावी.